मेट्रोच्या भुयारात रेंज का जाते? एक मोठा टॉवर की शेकडो छोटे अँटेना?

मुंबईची मेट्रो ३, म्हणजेच अ‍ॅक्वा लाइन, ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. आरे ते कफ परेड असा ३३.५ किलोमीटरचा हा मार्ग. २७ स्थानकं, त्यातली २६ जमिनीखाली. गाडी एसी, स्थानकं चकाचक. पण सुरुवातीच्या दिवसांत प्रवाशांची सगळ्यात मोठी तक्रार वेगळीच होती: खाली उतरलं की फोनची रेंज जाते.

रेंज नाही म्हणजे फक्त रील्स बंद, असं नाही. तिकीट खिडकीवर यूपीआय चालत नाही. अ‍ॅपवरून तिकीट निघत नाही. घरी 'उशीर होतोय' हे कळवता येत नाही. आणि अडचणीच्या वेळी ११२ वरही फोन लागत नाही, कारण त्या कॉललाही कुठल्या ना कुठल्या कंपनीचं नेटवर्क लागतंच.

वर रस्त्यावर फाइव्ह-जी आणि वीसेक मीटर खाली शून्य, असं का होतं? आणि यावर उपाय असूनही तो लगेच का मिळाला नाही? याचं उत्तर दोन प्रकारच्या अँटेना व्यवस्थांमध्ये आहे. एक केंद्रित, दुसरी विखुरलेली. दोन्ही सोप्या भाषेत समजून घेऊया.

आधी टॉवरचं गणित

मोबाइलचं नेटवर्क म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टॉवर येतो. उंच जागा, तिथे मोठे अँटेना, आणि आजूबाजूच्या काही शे मीटरपासून काही किलोमीटरपर्यंतच्या सगळ्या फोनना तिथूनच सिग्नल. ही झाली केंद्रित व्यवस्था. सगळी ताकद एका जागी.

एखाद्या जाहीर सभेची कल्पना करा. व्यासपीठावर एकच भलामोठा लाउडस्पीकर आहे. पुढच्या रांगेतल्यांचे कान फुटतात आणि मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्यांना काहीच समजत नाही. आवाज वाढवला तर मागच्यांना थोडं ऐकू येईल, पण पुढचे उठून जातील.

रेडिओ लहरींचंही असंच आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नलची ताकद एक चतुर्थांश होते. शहरात मध्ये इमारती, झाडं, गाड्या येतात. त्यामुळे घसरण आणखी वेगाने होते. दाट वस्तीसाठी अभियंते ढोबळ हिशेब करताना बऱ्याचदा अंतराचा चौथा घात धरतात. म्हणजे अंतर दुप्पट झालं की ताकद सोळावा हिस्सा.

यात भिंतींची भर पडते. सळ्यांचं काँक्रीट सिग्नल अडवतं. नव्या ऑफिस इमारतींच्या काचांवर उष्णता अडवण्यासाठी धातूचा अगदी पातळ थर असतो, तो रेडिओ लहरीही परतवतो. भारतात २०२२ पासून फाइव्ह-जी मोठ्या प्रमाणावर ज्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, त्या लहरी कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरींपेक्षा भिंतीतून कमी आत शिरतात. म्हणून रस्त्यावर भरपूर दांड्या आणि लिफ्टच्या दाराशी एकही नाही, हा अनुभव येतो.

भुयारात तर प्रश्नच मिटतो. वर माती, खडक आणि रस्ता. टॉवरचा सिग्नल तिथे पोहोचतच नाही.

फोनचाही आवाज पोहोचायला हवा

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मोबाइलचं बोलणं दोन्ही बाजूंनी असतं. टॉवरचा आवाज फोनला ऐकू आला म्हणजे काम झालं, असं नाही. फोनचा आवाजही टॉवरला ऐकू जायला हवा.

टॉवरवरची यंत्रणा एकेका वाहिनीवर साधारण २० ते ४० वॉट, कधी त्याहून जास्त ताकदीने बोलते. आपला फोर-जी फोन मात्र सहसा जास्तीत जास्त ०.२ वॉटने. सभेतल्या शेवटच्या रांगेतल्या माणसाने जागेवरून प्रश्न विचारला तर तो व्यासपीठावर कसा पोहोचणार? लाउडस्पीकर कितीही मोठा केला तरी त्याचा उपयोग नाही. त्याच्या जवळ माइक न्यावा लागेल.

म्हणून 'टॉवरची ताकद वाढवा' हा उपाय अर्धवट ठरतो. शिवाय टॉवर लांब असेल तर फोन आपली ताकद वाढवत राहतो आणि बॅटरी भराभर उतरते. कमी रेंजच्या जागी फोन गरम होतो, त्यामागे हेही एक कारण असतं.

मग विखुरलेले अँटेना म्हणजे काय?

आता त्याच मैदानात एका मोठ्या लाउडस्पीकरऐवजी ठिकठिकाणी खांबांवर छोटे स्पीकर लावले तर? प्रत्येकाचा आवाज बेताचा. पण प्रत्येक माणसाच्या जवळ एक तरी स्पीकर आहे. कुणाचे कान फुटत नाहीत आणि कुणी वंचितही राहत नाही.

विखुरलेली अँटेना व्यवस्था म्हणजे नेमकं हेच. इंग्रजीत तिला डिस्ट्रिब्युटेड अँटेना सिस्टीम म्हणतात. आद्याक्षरांवरून अभियंते तिला 'डॅस' म्हणतात. (डास नव्हे, पण छताला जागोजागी चिकटलेली असते एवढं साम्य आहे.)

मॉलमध्ये, विमानतळावर किंवा मोठ्या हॉस्पिटलमध्ये छताकडे बघा. स्मोक डिटेक्टरपेक्षा थोडी मोठी, पांढरी, उलट्या वाटीसारखी एखादी वस्तू दिसेल. बऱ्याचदा तो अँटेना असतो. असे अनेक अँटेना केबलने एका खोलीतल्या मुख्य यंत्रणेला जोडलेले असतात. सिग्नल तयार होतो त्या खोलीत. अँटेना तो फक्त लोकांच्या जवळ नेऊन सोडतात आणि लोकांच्या फोनचा आवाज परत आणतात.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधल्या सालेह, रुस्ताको आणि रोमन या संशोधकांनी इमारतीच्या आतल्या रेडिओ संपर्कासाठी विखुरलेल्या अँटेनांची पद्धत १९८७ मध्येच शोधनिबंधातून मांडली होती. मोबाइल तेव्हा मूठभर लोकांकडे होते.

खरंच किती फरक पडतो?

एक हिशेब करून पाहू. समजा एका मोठ्या परिसराच्या मधोमध एकच अँटेना आहे आणि त्याला २०० मीटरपर्यंत पोहोचायचंय. त्याऐवजी १६ छोटे अँटेना पसरवले, तर प्रत्येकाला साधारण ५० मीटर सांभाळायचे. क्षेत्रफळ तेवढंच राहतं.

आता वरचा चौथ्या घाताचा नियम लावा. अंतर एक चतुर्थांश झालं, म्हणजे प्रत्येक छोट्या अँटेनाला मोठ्याच्या तुलनेत २५६ वा हिस्सा ताकद पुरते. असे १६ अँटेना, म्हणून एकूण ताकद लागली १६ भागिले २५६. म्हणजे फक्त सोळावा हिस्सा. तोच परिसर, तेवढाच सिग्नल, कितीतरी कमी ताकद. प्रत्यक्षात भिंती, वळणं, केबलमध्ये वाया जाणारा सिग्नल यामुळे आकडा बदलतो. पण दिशा हीच राहते.

छताला अँटेना दिसला की काही जणांना रेडिएशनची काळजी वाटते. तिथे हेही लक्षात घ्या की छतावरच्या अशा छोट्या अँटेनाची ताकद साधारणपणे एका वॉटपेक्षा बरीच कमी असते. आणि अँटेना जवळ असल्यामुळे आपल्या कानाला लावलेला फोनसुद्धा कमी ताकदीवर काम करतो.

भुयारात हे कसं बसवतात?

स्थानकाच्या आत छतावरचे अँटेना चालतात. पण दोन स्थानकांमधल्या भुयारात काय करायचं? भुयार लांब, अरुंद आणि वळणाचं. त्यात गाडी आली की जवळजवळ सगळी जागा तीच व्यापते. एका टोकाला अँटेना लावून दुसऱ्या टोकापर्यंत सिग्नल सोडला, तर मध्ये आलेली गाडीच तो अडवते.

यावर एक गमतीशीर उपाय आहे: गळकी केबल. एरवी केबलमधून सिग्नल बाहेर गळू नये म्हणून तिच्यावर धातूचं आवरण असतं. या केबलच्या आवरणाला मात्र मुद्दाम ठरावीक अंतरावर चिरा पाडलेल्या असतात. शेतातल्या ठिबक सिंचनाची नळी आठवा. पाणी एका टोकाने सोडलं तरी प्रत्येक रोपाला थोडं थोडं मिळतं. ही केबल भुयाराच्या भिंतीवर, बहुधा गाडीच्या खिडकीच्या उंचीच्या आसपास टाकतात. सिग्नल बाजूने, काचेतून डब्यात शिरतो. म्हणजे इथे संपूर्ण केबलच एक लांबलचक अँटेना होते.

ठिबकच्या नळीत शेवटी दाब कमी होतो, तसाच केबलमधला सिग्नलही पुढे क्षीण होतो. म्हणून ठरावीक अंतरावर त्याला पुन्हा ताकद द्यावी लागते. मुख्य खोलीपासून तिथपर्यंत सिग्नल प्रकाशाच्या रूपात ऑप्टिकल फायबरने नेतात. फायबरमध्ये तो फारसा क्षीण होत नाही. तिथल्या छोट्या यंत्रात त्याचं पुन्हा रेडिओ लहरींत रूपांतर होतं.

एवढं चांगलं आहे तर सगळीकडे का नाही?

कारण विखुरलेल्या व्यवस्थेच्याही स्वतःच्या अडचणी आहेत. सभेचंच उदाहरण पुढे नेऊ.

पहिली अडचण गर्दीची. मैदानात ५० स्पीकर लावले तरी भाषण एकच असतं. तसंच साध्या डॅसमध्ये सगळे अँटेना एकच सिग्नल सोडतात. रेंज सगळीकडे पोहोचते, पण इंटरनेटचा एकूण वेग त्या एकाच मूळ यंत्रणेचा असतो आणि तो सगळ्यांत वाटला जातो. 'दांड्या फुल आहेत, पण नेट चालत नाही' ही तक्रार यामुळेही येते. रेंज असणं वेगळं, क्षमता असणं वेगळं. क्षमता हवी तर मूळ यंत्रणा वाढवून परिसराचे भाग पाडावे लागतात.

दुसरी अडचण वेळेची. मोठ्या मैदानात दोन स्पीकरचा आवाज पुढेमागे पोहोचला की प्रतिध्वनीसारखं ऐकू येतं. इथेही तसंच. फायबरमधून एक किलोमीटर जायला सिग्नलला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात. फोर-जीमध्ये एकच सिग्नल दोन वाटांनी पुढेमागे आला तर सुमारे ४.७ मायक्रोसेकंदांपर्यंतचा फरक सहज चालून जातो. म्हणजे दोन शेजारच्या अँटेनांच्या फायबरमध्ये एका किलोमीटरचा फरक असला तरी गोंधळ होऊ शकतो. म्हणून जवळच्या अँटेनाचा सिग्नल मुद्दाम थोडा थांबवून सोडावा लागतो.

तिसरी अडचण गोंगाटाची. मैदानात ५० माइक एकाच वेळी सुरू ठेवले तर प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजाबरोबर ५० ठिकाणची खरखरही येईल. डॅसमध्ये प्रत्येक अँटेनाकडून थोडी खरखर परत येते आणि तिची बेरीज होते. त्यामुळे एका यंत्रणेला किती अँटेना जोडायचे याला मर्यादा पडते.

चौथी अडचण जुन्या वायरिंगची. टू-जी, थ्री-जी, फोर-जीच्या काळात इमारतींत बसवलेले अनेक सुटे भाग २७०० मेगाहर्ट्झपर्यंतच चालतात. ३३०० मेगाहर्ट्झचं फाइव्ह-जी त्यातून जात नाही. छताच्या आतून, भिंतींतून गेलेलं हे सगळं बदलायचं म्हणजे तोडफोड आली.

म्हणून उघड्यावर, रस्त्यांवर आणि गावांत टॉवरच परवडतो. एका जागी वीज, एका जागी देखभाल, एका जागी भाडं. विखुरलेली व्यवस्था लागते ती जिथे टॉवर पोहोचत नाही किंवा एका जागी फार गर्दी असते तिथे. भुयार, मॉल, स्टेडियम, विमानतळ, हॉस्पिटल.

खरा प्रश्न: केबल कुणाची?

इथपर्यंत सगळं विज्ञान आणि खर्चाचं होतं. मेट्रो ३ वर अडलं ते याच्या पुढे.

टॉवर उभारायचा तर कंपनीला एक गच्ची किंवा जमिनीचा तुकडा पुरतो. एका मालकाने नकार दिला किंवा जास्त भाडं मागितलं तर शेजारची गच्ची असते. भुयाराला शेजार नसतो. तिथे जायचं तर एकच मालक आणि एकच दार. शिवाय तीन-चार कंपन्यांनी प्रत्येकी आपापली केबल भिंतीवर टाकणं शहाणपणाचं नाही. जागा मर्यादित आणि काम करायला वेळ फक्त रात्री गाड्या बंद झाल्यावर.

म्हणून जगभर साधारण एक पद्धत पडली आहे. एक त्रयस्थ कंपनी केबल आणि अँटेना बसवते. सगळ्या मोबाइल कंपन्या आपापला सिग्नल तिच्या यंत्रणेत सोडतात आणि तिला भाडं देतात. लंडनच्या भुयारी रेल्वेत २०२१ मध्ये अशाच एका कंपनीला २० वर्षांचं कंत्राट मिळालं. तिथल्या सगळ्या मोठ्या कंपन्या त्या एकाच यंत्रणेवरून सेवा देतात.

मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशननेही हीच पद्धत घेतली आणि निविदा काढून त्रयस्थ कंपनी नेमली. पण मोबाइल कंपन्यांच्या संघटनेचं म्हणणं होतं की मागितलेलं भाडं अवाजवी आहे. आम्ही एकत्र येऊन आमच्या खर्चाने यंत्रणा उभारतो, आम्हाला आत येऊ द्या, अशी त्यांची भूमिका होती. मेट्रो प्रशासनाचं म्हणणं होतं की निविदा प्रक्रिया खुली होती आणि यंत्रणा तयार आहे, कंपन्यांनी तिच्यावर यावं. या ओढाताणीत गाड्या धावू लागल्या आणि प्रवाशांच्या फोनवर रेंज नव्हती. निदान तिकीट काढता यावं म्हणून स्थानकांवर मोफत वायफाय देण्यात आलं.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. एकाच यंत्रणेमुळे खर्च वाचतो, हे खरं. आणि एकच दार असलं की दाराशी बसलेला हवा तो दर मागू शकतो, हेही खरं. दूरसंचार नियामक, म्हणजे ट्रायने इमारतींच्या आत सगळ्या कंपन्यांना भेदभावाविना प्रवेश मिळावा अशा शिफारशी जानेवारी २०१७ मध्येच केल्या होत्या. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात सार्वजनिक जागांवर यंत्रणा उभारण्याच्या परवानगीची तरतूद आहे. पण हा वाद मिटायला हवा तो भुयार खोदताना. निविदेतच भाड्याची मर्यादा ठरलेली असली आणि पहिली गाडी धावण्याआधी कंपन्यांशी करार झालेले असले, तर प्रवाशाला या भांडणाची चाहूलही लागत नाही.

तुमच्या इमारतीचं काय?

हा प्रश्न मेट्रोपुरता नाही. नव्या टॉवरमधल्या विसाव्या मजल्यावर किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये हेच होतं. काही गोष्टी लक्षात ठेवा.

• घर घेताना पाणी, पार्किंग विचारता तसं नेटवर्कही विचारा. इमारतीत सर्व कंपन्यांसाठी एकच यंत्रणा आहे की एकाच कंपनीशी करार आहे, हे जाणून घ्या. ट्रायने २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारे देण्याचे नियम आणले आहेत.

• घरात वायफाय चांगलं असेल तर फोनमधलं वायफाय कॉलिंग सुरू करा. वायफायचा राउटर हाही एक अर्थाने तुमच्या जवळ आणलेला छोटा अँटेनाच आहे.

• बाजारात किंवा ऑनलाइन मिळणारे 'सिग्नल बूस्टर' परवानगीशिवाय लावू नका. ते बेकायदा आहेत. माइक स्पीकरसमोर धरला की जशी शिट्टी वाजते, तसं हे यंत्र गोंगाट करतं आणि आसपासच्या सगळ्यांची रेंज बिघडवतं.

पुढे काय?

गेल्या काही वर्षांत टॉवरही हुशार झाले आहेत. २०१० मध्ये बेल लॅब्जच्या थॉमस मार्झेटा यांनी एकाच ठिकाणी खूप सारे अँटेना लावून प्रत्येक फोनकडे नेमका झोत सोडण्याची कल्पना मांडली. आज फाइव्ह-जीच्या अनेक टॉवरवरच्या चपट्या पेटीत ६४ पर्यंत अँटेना असतात. ही केंद्रित पद्धतीचीच सुधारलेली आवृत्ती.

२०१७ मध्ये मार्झेटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचं पाऊल मांडलं. हेच अँटेना एका पेटीत न ठेवता शहरभर पसरायचे, पण त्यांचा मेंदू एकच ठेवायचा. साध्या डॅससारखं सगळ्यांनी एकच भाषण ऐकवायचं नाही. आसपासच्या अनेक अँटेनांनी मिळून प्रत्येक फोनशी स्वतंत्रपणे बोलायचं. सिक्स-जीच्या संशोधनात या पद्धतीवर बरंच काम सुरू आहे.

ते प्रत्यक्षात आलं तर अँटेना विजेच्या खांबांवर, बसथांब्यांवर, भिंतींवर असतील. आज भुयारात जो प्रश्न पडला, तोच मग प्रत्येक खांबावर पडेल: ही जागा कुणाची, भाडं किती आणि आत यायला कुणाला परवानगी? टॉवर एकट्या कंपनीचा असला तरी चालतं. पण अँटेना जितके आपल्या जवळ येतील, तितके ते पाण्याच्या नळासारखे सगळ्यांचे असावे लागतील. हे नियम खांब उभे राहण्याआधी ठरले, तरच त्यांचा उपयोग.